राग ‘ऑन’ की राग ‘विथ’

३ मे
रसवंती लवकर बंद केली आणि शेजारच्या अंजुमकडे गेले. बी.एड. करतेय पोरगी. म्हटलं, इंग्रजी शिकव. "मावशी, आता या वयात?" मग काय पुढच्या जन्मी!
सून लिन्सी केरळची. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. मधे गोरक्ष. पोटचा पोरगा, पण दिवाळीपासून बेंगलोरहून एकच सांगतो — "आये, ती तुझ्यावर लई भडकलीय. यिऊ नको सध्या." का भडकली? तर मी नातीच्या बारशाला गेले नाही. अरे मेल्या, तारीख तरी सांगितलीस का! नात आता चालत असेल. मी अजून हातात घेतलेली नाही.
मला सुनेला स्वतः विचारायचंय. मधे कुणी नको.

५ मे
मोठे शब्द येतात. मधले बारके शब्द जीव खातात. इन, ऑन, ॲट. बसमधे बसलं की ऑन द बस म्हणायचं म्हणे. टपावर बसून जातात काय हे लोक? अंजुम हसून लोळली. मला नाही हसू आलं.

६ मे
ॲट होम. इन द हाऊस. घर तेच!

९ मे
अंजुमशी भांडले. वाक्य जमवलं होतं — आर यू अँग्री ऑन मी? म्हणते, "ऑन नाही मावशी, विथ." विथ म्हणजे? "सोबत." राग माझ्यासोबत? राग म्हणजे काय फुगडी आहे, दोघींनी मिळून घालायला!
आपलं कसं सरळ. राग तुझ्यावर, जीव तुझ्यावर, भरवसा तुझ्यावर. एका ‘वर’मधे सगळं भागतं. म्हटलं, बरं, जीव लावायला काय लागतं, ऑन का विथ? "काहीच नाही. आय लव्ह यू. मधे काही लागत नाही."
खोटं वाटतं. मधे काहीतरी असतंच.

११ मे
एका गिऱ्हाइकापुढं तोंडातून गेलं — विथ बर्फ का बिना बर्फ? "आयला, कोल्हारात मडम आली!" सगळे दात काढायला लागले. रस तसाच गरम दिला.

१४ मे
गोरक्षचा फोन. म्हटलं, लिन्सीला दे. "ती न्हाई आत्ता." रोज कशी नाही? "तिला तुझ्याशी बोलायचंच न्हाई आये, समजून घे की." माझा आवाज चढला. त्यानं फोन ठेवला. ठेव!

१६ मे
लिन्सीला आवाज भरून पाठवला. दहादा घोकलं होतं, तरी ऐन वेळी ‘ऑन’च गेलं. अंजुमनं कपाळाला हात लावला. "डिलीट करा, मावशी." नाही करत. कळायचं ते कळेल.

१७ मे
ऐकलं तिनं, खूण निळी झाली. उत्तर नाही. नाक वर करून बसली असेल महाराणी.

१८ मे
उत्तर आलं. सावकाश बोलली, मला कळावं म्हणून. मागं नात बडबडत होती.
"नो, अम्मा. नॉट अँग्री विथ यू. आय ॲम नॉट विथ गोरक्ष. सिन्स दिवाली."
मला वाटलं, गोरक्षवरही राग नाही म्हणते. चला, बरं झालं. अंजुमला ऐकवलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. हसली नाही. "मावशी... दुसऱ्या वाक्यात अँग्री नाहीये. नुसतंच विथ आहे."
विथ म्हणजे सोबत. ते मला आता कुणी सांगायला नको.

१९ मे
सकाळपासून गोरक्षचे फोन. उचलत नाही.
लिन्सीला पाठवलं — आय कम टू यू. टू बरोबर का चूक, अंजुमला विचारलं नाही.