हजारावर एक रुपया

२ डिसें., मंगळ.
साप्ताहिकाला इंदूरचा मजकूर गेला. या खेपेस क्रिप्टोची यथेच्छ टिंगल. न दिसणारं, न हाताला लागणारं, तरी सगळे ज्याच्यामागे धावतात, असं काहीतरी. लहानपणी संस्कृत पाठशाळेत मायेची व्याख्या जवळपास अशीच घोकली होती. स्वतःवर खूश.
संध्याकाळी सु.चा भाऊ शिरीष आला. पोलोग्राउंडला पंपांचं वर्कशॉप, उरलेल्या वेळात मोबाईलवर क्रिप्टो-नाण्यांची शेती. मजकूर वाचून म्हणाला, "जिजाजी, कधी घेतलंय का? बिना चखे कढी को खट्टी बोल दिया!" सु. स्वयंपाकघरातून हसली. नवऱ्यावर हसायची संधी ती सोडत नाही. मला लागलं.
हजाराचं घ्यायचं ठरवलं. सु.ला सांगायचं नाही.

४ डिसें., गुरु.
राहुकाळ टळू दिला, मग बसलो. ॲप म्हणतं, अनोळखी विक्रेता निवडा, त्याच्या खात्यात पैसे टाका, मग तो नाणं सोडेल. म्हणजे दक्षिणा आधी, दर्शन त्याच्या मर्जीवर. वर घड्याळ उलटं पळतंय. निवडलेल्या विक्रेत्याचं नाव 'मूनराजा'.
आकडा टाकला आणि बोट अडलं. जन्मातला पहिला असला व्यवहार, आणि शेवटी शून्य? आमच्याकडे मुंजीचं पाकीटसुद्धा वरच्या एकावाचून जात नाही. १००१ केले. पाठवले.
नाणं आलं नाही. चॅटवर मूनराजा :
"भाई ऑर्डर 1000 का है. 1 रुपया एक्स्ट्रा क्यों?"
"शगुन का है, श्रीमान."
"स्कैम वाले ऐसे ही अमाउंट बदलते हैं. कौन हो तुम?"
या प्रश्नावर पाठशाळेत आम्ही वर्षंच्या वर्षं घालवली, उत्तर तेव्हाही नव्हतं. "पत्रकार" असं लिहून मोकळा झालो. नको होतं लिहायला. पत्रकार म्हटल्यावर तो जो घाबरला! ऑर्डर रद्द, पैसे परत. हजारच. शगुन ठेवून घेतला.
सुटलो म्हणून स्वतःच्या हाताने चहा केला.

५ डिसें., शुक्र.
शिरीषला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही.
"पैसे वापस कोणाच्या नावाने आले?"
पाहिलं. मी ज्याला पाठवले त्याच्या नव्हे. कुणी तिसरीच बाई, नाव जन्मात ऐकलेलं नाही.
"अरे यार, जिजाजी! ते पैसे कोणाला ठगून आणलेले असले आणि तिकडे कम्प्लेंट झाली, तर पैसा जिथं-जिथं गेला ते सगळे खाते होल्ड. आमच्या बाजूवाल्याचं कित्ती महिने बंद होतं. खातं कोणतं दिलं तुम्ही?"
जोडीचं. माझं नि सु.चं. त्यातच तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे, १५ ला दवाखान्यात भरायचेत. किती वर्षं नाही-नाही म्हणत होती, आता कुठे तयार झाली आहे.
"परत पाठवू त्या बाईला?"
"बिल्कुल नहीं. हात मत लगाओ."
"मग सगळेच दुसरीकडे हलवले तर?"
"मग तर पक्के चोर दिसाल. ताईला सांगून टाका."
सांगून टाका म्हणे.

७ डिसें., रवि.
खातं जिवंत आहे का बघायला बडा गणपतीजवळच्या एटीएममधून पाचशे काढले. यंत्र घरघरलं आणि गप्प बसलं. मग नोट आली. देवळासमोरून जाताना जो नमस्कार केला तो नक्की कुणाला, सांगता येणार नाही.

९ डिसें., मंगळ.
रोज पाचशे काढतो. भाजीवाला मला पाहून तोंड फिरवतो, "फिर पाँच सौ का? छुट्टा लाओ भिया." सु.लाही संशय. "अहो, रोज करकरीत नोट? कुठे डाका टाकलात?" हसलो.
दुपारी दारात खाकी कपडे. कुरियरवाला होता. भलत्याच रकान्यात सही केली.
सु. राजेंद्र नगरच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "होळीला बघ, तुझ्या कॉलनीभर पायी फिरणार मी." उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

१२ डिसें., शुक्र.
एटीएम : व्यवहार होऊ शकत नाही. दुसरं एटीएम : तेच. तिसऱ्यावर जायची हिंमत झाली नाही.
शाखेत फोन. तिथल्या बाई : "सर, अकाउंट पे कुछ लगा हुआ दिख रहा है."
"क्या लगा है?"
"वो तो मैनेजर साहब बताएँगे. सोमवार को आ जाइए, दोनों खातेदार."
दोनों.
उद्या दुसरा शनिवार, बँक बंद. सोमवारीच १५ तारीख.

१४ डिसें., रवि.
पोहे खाताना सांगितलं. सगळं, वरच्या एक रुपयासकट. वाक्यं दोन दिवस मनात जुळवली होती, एकही कामाला आलं नाही.
सु.ने प्लेट बाजूला सारली.
"हजार रुपये?"
"हजार एक."
"मिळालं काही?"
"नाही."
"आणि मला का नाही सांगितलं? हसले असते म्हणून?"
मी पोह्यांवर परत लिंबू पिळलं.
"हसलेच असते," म्हणाली. पण हसली नाही. गेल्या दहा दिवसांत एवढा घाबरलो नव्हतो. उठताना तिने टेबल धरलं. मी हात पुढे केला, तो घेतला नाही.

१५ डिसें., सोम.
शाखेत. बाकावर बसून लिहितोय, नुसतं बसवत नाही.
शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्टवर 'बंद है'चा कागद. सु. म्हणाली, "तुम्ही पुढे होऊन नंबर लावा. मी येते." दवाखान्यातून दोनदा फोन आला. दुपारपर्यंत भरा, नाहीतर तारीख पुढे जाईल, आणि पुढची केव्हा ते सांगता येत नाही.
जिन्यातून आवाज येतोय. एक पायरी, मग थांबणं. कुणीतरी, "आंटीजी, हाथ पकड़ लो." ती, "नको, होतंय."
मॅनेजरच्या काचेआड प्रिंटर चालू. निघणारा प्रत्येक कागद आपलाच वाटतो.
आमचं नाव पुकारलं. परत पुकारलं. शिपायाने विचारलं, "दूसरे खातेदार किधर हैं?" मी जिन्याकडे बोट दाखवलं. चार-पाच पायऱ्या उरल्या असतील. तिने अजिबात घाई करू नये, सावकाश यावं, असं फार वाटतंय. तिच्या गुडघ्यासाठी वाटतंय, की माझ्या भीतीपायी, कोण जाणे.