इशारा

बाई, आज दुपारी माझी विद्यार्थिनी घाबरून आली. "मॅम, कंट्रोलवाली डिश भी बदल गई." मी म्हटलं, "फेंकना मत, पहले नोटबुक में लिखो." आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, आली का अक्कल!

तुमच्या हाताखाली होते तेव्हाही काम हेच होतं. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या. संसर्ग झाला की शरीर पेशींना जो रासायनिक सिग्नल धाडतं, तो काही डिशेसमध्ये टाकायचा. त्या पेशी पसरून तळाला चिकटतात, जिवाणू गिळायला तयार. सिग्नल न टाकलेली डिश म्हणजे कंट्रोल. तिथल्या पेशी गोल, तरंगत राहतात. त्या दिवशी एका कंट्रोलमधल्याही चिकटलेल्या होत्या. तुम्ही सूक्ष्मदर्शकातून बघत म्हणालात, "अगं, हा इशारा आहे हं," आणि मीटिंगला गेलात. अख्ख्या लॅबमध्ये तुम्ही मराठी फक्त माझ्याशी बोलायचात. मी इथल्याच महानगर मोहल्ल्यात हिंदीत वाढलेली, उत्तरं हिंदीत द्यायचे. "उत्तर कशातही दे, मला बोलू दे गं," म्हणायचात. मी ती डिश फेकली आणि वहीत बाकीच्या तेवढ्या लिहिल्या.

सात महिन्यांनी काहीच जुळेना. दोष पेशींच्या खुराकात मिसळायच्या सीरममध्ये निघाला. जिवाणूंचा किंचित अंश होता त्यात, पेशींना तेवढा पुरला. तुम्ही बोलावून विचारलंत, त्या कंट्रोल डिशचं काय केलंस. मी म्हणाले, "मुझे लगा इशारा मतलब सिग्नल. सोचा, उसका छींटा पड़ गया होगा, इसलिए फेंक दी." तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "तुला कुठून कळणार, आपला इशारा म्हणजे धोक्याची सूचना! माझंच चुकलं. कामाचं हिंदीत सांगायला हवं होतं." त्यानंतर तुम्ही माझ्याशी मराठीत बोललाच नाहीत. शेवटी आलमबागच्या दवाखान्यात मी उशाशी बसले होते, तेव्हाही म्हणालात, "पानी दे दो, बेटा." मला फार लागलं ते. मी पाणी दिलं.

हे कुठे धाडायचं, वहीतच राहील. पण बाई, आमची आई रोज संध्याकाळी आम्हा भावंडांना दटावायची, "हा शेवटचा इशारा आहे, अभ्यासाला बसा!" तुम्ही काय म्हणालात ते मला तेव्हाच नीट कळलं होतं.