पियानोखालची चटई

आपिया, सामोआ
३ मे १९१५

प्रिय आई,

घडले ते असे.
१. आपल्या फौजेने जर्मनांकडून हे बेट घेतले तेव्हा आपल्या सिरिलने एका घरातली बारीक विणीची चटई आठवण म्हणून उचलून घरी पाठवली; आपल्या पियानोखाली आहे तीच.
२. ते घर माझ्यासोबतच्या परिचारिकेचे, लुपेचे आहे.
३. परवा तिच्या भावाने भांडणात एकाला भोसकले. तो जखमी माझ्याच वॉर्डात आहे.

तो मेला तर त्याचे लोक लुपेच्या भावाला मारतील. त्याआधी इथल्या रीतीप्रमाणे तिचे वडील घराण्याची तीच मानाची चटई पांघरून त्यांच्या दारात बसले, तरच माफी मिळेल.

लुपे म्हणाली, "मळक्या सोडून नेमकी पणजीचीच उचलली. पारखी आहे हं तुझा भाऊ!"

चटई धुऊ नकोस. बोट येईपर्यंत मी रोग्याला कसेही जगवते. बाबांचा खोकला कसा आहे?

इकडे येणारी बोट तिकडून २८ मेला सुटते. चटई पाठवतेस का, ते २७पर्यंत तारेने कळव.

तुझी,
विनिफ्रेड