जाड अंगाची नळी

यूजीन
११ फेब्रुवारी २००४

प्रिय गॅरेट,

तुझं २९ जानेवारीचं पत्र मिळालं. मी बरी आहे. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कारखान्याच्या छपराचा उत्तरेकडचा कोपरा गळायला लागलाय, खाली बादली ठेवली आहे. मांजर आता जिना चढत नाही, पण जेवायला सगळ्यांच्या आधी हजर. तुझ्या सुटकेला एकोणीस दिवस उरले. तू तिथे मोजतोस तसे मीही इथे मोजते.

तू लिहिलंस, आल्या आल्या पहिलं काम आतल्या नक्षीचंच करणार, नळी तू निवडून ठेव, तुझ्याइतकी नजर गावात कोणाची नाही. निवडली. नव्या पेटीतल्या काचेच्या बावीस नळ्यांतून तीन बाजूला काढल्या आणि तिनांतून एक. सगळ्या टेबलावर लोळवून पाहिल्या. ज्या हेलकावे खात गेल्या त्या एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. ज्योतीत फिरवताना त्यांनी तुझ्या रेघा ओढून वाकड्या केल्या असत्या. दोन नळ्यांच्या आत ओरखडे होते. तोंड फुलपात्रासारखं उघडून तू आतून रंगाच्या रेघा मारणार आणि मग सगळं मिटवून आणणार, तेव्हा तो ओरखडा आतच कोंडला जाणार आणि राखी डाग होऊन बसणार. त्या नळ्या परत. ठेवली ती दीड इंच व्यासाची, चार मिलिमीटर जाड. तेवढं अंग असल्याशिवाय आतली रेघ भिंगातून पाहिल्यासारखी मोठी दिसत नाही. आतून कोरड्या फडक्याने पुसून दोन्ही तोंडांना कागद बांधून ठेवली आहे.

एवढं लिहून मी उठले, कॉफी केली, ती पिऊन पुन्हा बसले. नळीबद्दल मी दहा पानं लिहू शकते, हे तुला माहीत आहे. आज तो पळपुटेपणा आहे, हेही तुझ्या लक्षात येईल.

लायलबद्दल तू दीड पान लिहिलंस. "बाहेर आलो की आधी त्याच्या दारात उभा राहणार. विचारणार, मला विकून काय मिळालं रे तुला? आठ वर्षं एका ज्योतीवर काम केलं आपण." गॅरेट, त्याच्या दारात जाऊ नकोस. लायल गेला. ९ जानेवारीला. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा ट्रक नदीत सापडला. अपघात झाला असं लिहून घेतलंय. रस्ता तिथे सरळ आहे, आणि त्या दिवशी पाऊसही नव्हता.

महिनाभर मी हे तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं.

गेल्या फेब्रुवारीत गांजाच्या चिलमी विकतात म्हणून आपल्यावर धाड पडली, तेव्हा लायललाही चौकशीला नेलं होतं आणि मलाही. तो संध्याकाळी सुटून आला, त्याच्यावर कसलाच आरोप लागला नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं की त्यानेच तोंड उघडलं. आरोप माझ्यावरही लागला नव्हता. पण सख्ख्या बहिणीकडे कोण बोट दाखवणार?

त्या खोलीत मिशीवाला एक अधिकारी होता. त्याने टेबलावर एक चिलीम ठेवली. ओहायोतल्या कुठल्याशा दुकानातून आणलेली, निळी, ज्योतीत चांदी जाळून तिच्या धुराची झाक आतून दिलेली. तू सांगितलं होतंस तसंच मी म्हणत होते, आमच्याकडे गोट्या आणि लोलक बनतात, चिलमी आम्ही बनवत नाही. तासभर हेच चाललं होतं. मग तो चिलीम उचलून शेजारच्या बाईला म्हणाला, "जाऊ दे. ही काही यांची नाही. बाहेरून येणारा स्वस्त माल दिसतोय. पातळ नळी घ्यायची आणि वरून रंग फासायचा."

मी म्हटलं, "फासलेला? डोळे आहेत की बटणं? रेघा आत आहेत, आत! आणि पातळ कशाला म्हणता? चार मिलिमीटर अंग आहे तिचं. ती नळी मी स्वतः निवडली आहे. असं डावीकडून पीळ देणारा या गावात एकच माणूस आहे."

"कोण?" तो म्हणाला. अगदी हळू आवाजात.

आता नाव घेतलं काय आणि नाही काय? डावखुरा कारागीर आपल्या कारखान्यात एकच, तू. त्यांनी लिहून काढलं आणि मी सही केली. त्याने मुद्दाम डिवचलं की खरंच त्याला काचेतलं काही कळत नव्हतं, हे मला अजून माहीत नाही. मला धमकावलं नाही, मारलं नाही, कसलं आमिष दाखवलं नाही. कोणीतरी माझ्या नळीला पातळ म्हणालं आणि मी माझा भाऊ त्यांच्या हातात दिला. वकिलाने तुला गुन्हा कबूल करायला लावला, त्यामुळे तो कागद कोर्टात वाचलाच गेला नाही. मला तेव्हा हायसं वाटलं. तुला शिक्षा होत होती आणि मला हायसं वाटलं, खरं तेच आहे.

लायलचं काय केलं तेही ऐक. ऑक्टोबरमध्ये नळ्यांची पेटी आली. आपण सहाजण वाटून घेतो तशी मी वाटत होते. तो आला आणि म्हणाला, "मार्लिस, माझ्या चार?" यादीतून त्याचं नाव मीच काढलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पोलिसांकडे माग ना. ते देतील तुला जाड नळ्या." सगळे हसले. तो नाही हसला. म्हणाला, "तुला तरी असं वाटत नाही ना, बाई?" मी पुढच्या माणसाच्या नळ्या मोजायला लागले.

मग त्याने एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून पातळ नळ्या उचलल्या. एकात एक घालून, वितळवून जाड करायचा खटाटोप करत होता. डिसेंबरच्या जत्रेत माझ्या टेबलाशी एक लोलक घेऊन आला. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडली होती, धुरकट पडदा बसला होता. लायल, ज्याचं काम आपण उजेडात धरून बघत बसायचो! "बघ ना, काही जमतंय का?" म्हणाला. मी म्हटलं, "सफाई नाही." त्यानंतर तो मला जिवंत दिसला नाही.

अंत्यविधीला काचवाल्यांपैकी मी एकटीच गेले होते. का गेले ते मलाच सांगता येणार नाही. त्याच्या आईने, आयव्हडेल मावशीने, मला सगळ्यांसमोर मिठी मारली. म्हणाली, "तू आलीस गं. माझ्या पोरावर विश्वास ठेवणारी तू एकटीच निघालीस." मग स्वतः बशी भरून आणली, शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात फिरवत राहिली. आणि मी खाल्लं, गॅरेट. बशी संपवली.

त्यानंतर चार आठवडे ती मला दर रविवारी फोन करायची. तुझ्यासाठी पायमोजे विणायला घेतलेत म्हणाली. "गॅरेटचा गैरसमज झाला असेल, तू त्याला समजावून सांग." काल मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. मग विचारलं, "लायलला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "नशीब. तुला फार मानायचा तो." मग उठून तिने दार उघडून धरलं. मी बाहेर पडले तेव्हा मागून एवढंच म्हणाली, "त्याच्या भावासारख्या मित्राला आता तू कळव. माझ्यात तेवढी ताकद नाही."

परवा नवी पेटी वाटायला सगळे जमतील. तेव्हा त्यांनाही सांगणार आहे. त्यांनी मला यादीतून काढलं तर बरोबरच आहे. हे पत्र तुझ्याआधी तिथला पहारेकरी उघडून वाचेल, तर त्यालाही कळू दे.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू केलीस तरी लायलच्या वाटची कोण करणार?

घर बाबांनी तुझ्या नावावर केलंय, तू तिथेच ये. मी त्यात असावं की नसावं, एका ओळीत कळव. ओळ आली नाही तर तू सुटायच्या आदल्या दिवशी, २९ तारखेला, मी निघते, किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवून.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला तोंड न उरलेली, आणि तुझ्याशिवाय कोणी नसलेली,

मार्लिस