पाठमोऱ्याचा चेहरा

मंगळवार, ४ मार्च

तिसरा नमुनाही नापास! धाकटीनं बाहुलीच्या तोंडावर बोट ठेवलं. "मामा, हे डोळे उसव." एवढंच. चहासुद्धा घेतला नाही.

दुपारी थोरल्याचा फोन— "डोळे ठेवलेस ना? जरा हसरे कर."

आता करू काय? मी कापडी बाहुल्या शिवणारा माणूस. पंचवीस वर्षं ससे, अस्वलं, हत्ती शिवले. सशानं कधी विचारलं नाही, माझं तोंड असं का म्हणून! पण हा माझ्या सख्ख्या भाच्यांच्या व्हिडिओ गेममधला माणूस. दोघा बहीणभावांनी चार वर्षं खपून तो खेळ केला. चित्रं धाकटीची, कॉम्प्युटरचं सगळं थोरल्याचं. धुक्यातली पायवाट, पुढे खांद्यावर गाठोडं घेतलेला एक माणूस चाललेला. खेळणारा म्हणजे लहान मूल. त्यानं कंदील घेऊन मागं मागं जायचं. माणूस शेवटपर्यंत वळत नाही. खेळाचं नावच 'पाठमोरा'. लोकांना इतका आवडला की त्याची बाहुली मागायला लागले. बावीस तारखेच्या प्रदर्शनाला तीनशे हव्यात.

पण बाहुलीला पुढची बाजू असते. हे चार वर्षांत दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बुधवार, ५ मार्च

दोघं एका घरात राहतात, एका टेबलाशी जेवतात आणि बोलतात माझ्यामार्फत. ताईला— त्यांच्या आईला— विचारलं तर म्हणते, "मला त्यांच्या खेळातलं काय कळतंय? मी आपली टीव्ही बघते."

धाकटी: "त्याला सांग, डोळे ठेवलेस तर माझं चित्र वापरायचं नाही. कोरं तोंड म्हणजे कोरं!"

थोरल्याला मी सांगितलं— ती विचार करतेय.

थोरला: "तिला सांग, भुताची बाहुली कोण घेणार? आणि खेळ एकटीचा नाहीये तिचा."

धाकटीला मी सांगितलं— त्याला जरा काळजी वाटतेय.

खोटं नाही बोललो. धार तेवढी बोथट केली. शाळेत गुरुजी निरोप्या म्हणून मलाच वरच्या वर्गात पाठवायचे. म्हणायचे, निरोप जसाच्या तसा पोचव, पदरचं घालू नकोस. तेव्हा घालत नव्हतो.

आमची ही म्हणाली, "तुम्ही म्हणजे उंबरठा झालात. जो येतो तो तुमच्यावरच पाय देतो." मी म्हटलं, उंबरठा आहे म्हणून दोन खोल्यांना एक घर म्हणायचं. म्हणाली, "बसा मग आडवे!"

शुक्रवार, ७ मार्च

दिवस चाललेत. तोंडाचं भरतकाम आधी, मग शिवण, मग कापूस. तोंड ठरल्याशिवाय एक मशीन हलत नाही. सहा बायका रोज येतात, कडा कातरतात, गाठोडी शिवतात. मोठ्या बाई आज म्हणाल्या, "अडीचशे गाठोडी झाली, दादा. ओझं तयार, माणसाचा पत्ता नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

देवासमोर बसलो असताना सुचलं— मिटलेले डोळे! दोन बारीक कमानी, बास. तिला वाटेल डोळे नाहीत. त्याला वाटेल आहेत. शांत चेहरा. संध्याकाळच्या आत नमुना शिवून दोघांना फोटो पाठवले.

सोमवार, १० मार्च

सकाळी धाकटी. बराच वेळ बाहुली हातात धरून उभी. मग— "दादाला चालेल हे?"

"हो म्हणाला."

"खरंच?"

"अगं हो."

लगेच थोरल्याला फोन. "धाकटीनं मान्य केलंय. तू काय म्हणतोस?" तो म्हणाला, "ती एवढं खाली आली असेल तर... ठीक आहे. करा सुरू."

दोघांचा होकार मिळाला. पहिला होकार मी मनानंच घडवला, हे कुणाला कळायचंय? शेवटी दोघांनी हो म्हटलंच की! कापड मांडलं. दुपारपर्यंत चाळीस तोंडं भरून झाली.

पण संध्याकाळी देवासमोर डोळे मिटून बसलो, तर नाम नीट येईना ओठांवर. मधेच तुटतं.

गुरुवार, १३ मार्च

शंभर तोंडं झाली. एकाचंही तोंड वर करून ठेववत नाही. पालथी रचतो.

शनिवार, १५ मार्च

व्हायचं ते झालं.

थोरला बाहुल्यांचे फोटो काढायला आला होता. तेवढ्यात धाकटी चिठ्ठ्या घेऊन आली, बाहुलीच्या गळ्यात अडकवायच्या. दोघं समोरासमोर! मी कात्री शोधायला लागलो. कात्री हातातच होती.

धाकटी चांगल्या मनानं म्हणाली, "बरं झालं दादा, तू ऐकलंस. उशिरा का होईना."

"मी? ऐकलं तर तू! मामा म्हणाला."

"मला मामा म्हणाला, तू—"

दोघं माझ्याकडे वळले. एक एक करत मशिनी थांबल्या. मोठ्या बाईंनी सगळ्यांना बाहेर नेलं.

थोरला हसला. ओरडला असता तर बरं. म्हणाला, "मामा, औषधात साखर घालता घालता तू औषधच काढून टाकलंस रे!"

धाकटी हसली नाही. एक पालथं तोंड सुलटं करून टेबलावर ठेवलं. "हा मेलेला दिसतोय, मामा. मला पहिल्या दिवशीच दिसला. त्यालाही दिसला असणार. दोघांनाही नको होता! दुसऱ्याला हवाय म्हणून दोघांनी गिळला."

मग भावाला— "पण तुला हसराच का पाहिजे? कधीचं विचारतेय."

"कारण बाबा हसले होते. जाताना वळले आणि हसले. मामानंच सांगितलंय."

म्हणजे हा पाठमोरा आमचे दाजी! चार वर्षं मी तो खेळ बघतोय, आणि मला दिसलं नाही. की बघायचंच नव्हतं? दाजी घर सोडून गेले तेव्हा थोरला दहाचा, धाकटी सहाची. चार दिवस पोरगा जेवेना. तेव्हा मी त्याच्या ताटाशी बसून सांगितलं होतं— वळले, हसले, येतील. तो जेवला. मला वाटलं, पोचला निरोप.

"मी खिडकीत होते," धाकटी म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत बघितलं. कुणी वळलं नाही. म्हणून मी चेहरा काढत नाही, दादा. मला माहीतच नाही तो."

 मग तिनं मला विचारलं, "तू होतास ना त्यांच्याबरोबर? स्टँडपर्यंत गेलास. वळले होते का?"

मी म्हटलं, मशीनला तेल घालायचंय. आणि उठलो!

रविवार, १६ मार्च

कुणाचा फोन नाही. बायकांना यायला नको म्हणून कळवलं.

एकटाच बसून तोंडं उसवतोय. एकशे चाळीस. धागा निघतो, पण हे कापड भोकं लपवत नाही. ती वाया. नवी कापावी लागणार, तीही कसली, ते ठरलेलं नाही. सहा दिवस उरले. बाहुल्या झाल्या नाहीत तर प्रदर्शनात रिकामं टेबल मांडतील. ते मांडतील एक वेळ. पण थोरला म्हणाला होता जाताना— "पुढचा खेळ मी एकटा करीन. तीही करेल." तो आवाज कानातून जात नाही. खेळ मोडला तर त्या घरात दोघांना जोडणारं दुसरं आहेच काय? ताईचा टीव्ही?

ही शेजारी येऊन बसली. न सांगता उसवायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही आधी कधी खोटं बोलला नव्हतात, असं मला वाटत होतं." मी पुढचं तोंड उचललं. तिनं वर बघितलं नाही. चांगली आहे.

आज सगळं ठरवून देवासमोर बसलो. काही मागितलं नाही.

सोमवार, १७ मार्च

दोघांना फोन केला. वेगवेगळा नाही, एकाच वेळी, थोरल्यानं शिकवलं होतं तसा. "उद्या सकाळी दोघं या. निरोप आहे."

"कुणाचा?" धाकटी.

म्हटलं, माझाच.

मंगळवार, १८ मार्च

सांगितलं. जसंच्या तसं.

दाजी वळले होते. खिडकीतून दिसत नाही त्या कोपऱ्याच्या पलीकडे, स्टँडपाशी मी थांबल्यावर. दोनदा. हसत नव्हते, नजरेनं विचारत होते— परत येऊ का? आदल्या दिवशी ताईच्या दंडावरचे वळ मी पाहिले होते. "जा, आणि परत येऊ नका" हे माझेच शब्द. पहिल्यांदा वळले तेव्हा वाटलं, बोलवावं. नाही बोलावलं. दुसऱ्यांदा वळले, तेव्हा मीच त्यांच्याकडे पाठ केली.