दादाच्या दुसऱ्या घराची फरशी

दादा,

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पैसे मागितले, तेव्हा तू म्हणालास, "जुन्या कर्जानं माझ्याच नाकातोंडात पाणी चाललंय. थांब जरा." मी थांबलो. आईची नजर गेली.

मग ठेकेदारानं मला एका फ्लॅटची फरशी बसवायला पाठवलं आणि मालक म्हणून किल्ली फिरवत आलास तू. "भाड्यानं द्यायला घेतलाय. आईसाठीच रे," म्हणालास. त्या 'आईसाठीच'वर माझा हातोडा तुझ्या गुडघ्यावर बसला. उरलेला राग फरशीवर काढला, एक धड ठेवली नाही.

आईला सांगितलं, दादा नव्या घरात घसरून पडला.

"घर घेतलं त्यानं?" ती हरखली आणि माझा उजवा हात कुरवाळत बसली.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर तू तिला वाचून दाखवशील.

तुझा धाकटा