दुलईचा कोपरा

ता. ४, सोमवार

आले एकदाची! ताईच्या सोफ्यावरून थेट पंचतारांकित हॉटेलात. मी, माझी भिंगरी, दोन बॅगा आणि माझी लाडकी इस्त्री. मी हाउसकीपिंगची मुख्य, आणि तिसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली आम्हां मायलेकींची. मुलीला बरोबर ठेवायला मॅनेजरसाहेब हो म्हणाले, तेव्हा त्यांच्या पायाच पडायची बाकी होते. भावजींच्या टोमण्यांतून सुटले, गंगेत घोडं न्हालं.

इमारत जुनी, देखणी. संगमरवरी जिना, पितळी कठडा, मान मोडेल इतकं उंच छत. पूर्वी इथे साथीच्या रोगांचं इस्पितळ होतं, फक्त लहान मुलांचं. जाहिरातीत नुसतं ‘ऐतिहासिक वास्तू’ लिहिलंय. बरोबरच आहे म्हणा, इस्पितळात हौसेनं झोपायला कोण येईल? भिंगरी सात वर्षांची, तिला इतिहासाचं काय! ती कठड्यावरून घसरायला टपलेली आहे.

ता. ६, बुधवार

पहिली खडाजंगी झाली. संध्याकाळी खोल्यांतून फिरून दुलईचा एक कोपरा उलटून ठेवायचा, म्हणजे पाहुण्याला ‘या, झोपा’ म्हटल्यासारखं होतं. कुठल्याही बऱ्या हॉटेलातली ही रीत. तिसऱ्या मजल्यावर पाहते तर एकही कोपरा उलटलेला नाही! दुलया चहूबाजूंनी गादीखाली अशा खोचलेल्या, की पाहुण्याला आत शिरायला पक्कड लागेल.

ही लाँड्रीवाल्या मावशींची शिकवण. त्यांची आई इथे इस्पितळात आया होती. मावशी म्हणाल्या, पोरं उठून घरी आईकडे पळू नयेत म्हणून नर्सबाई त्यांना अशाच खोचून ठेवायच्या. त्या मजल्यावर कोपरा उघडा टाकलात तर ती उठतील, बाई. मी म्हटलं, मावशी, मला इथे भुतांची नर्स म्हणून नेमलेलं नाही. हाताखालच्या सगळ्या पोरी खो-खो हसल्या, मावशी सोडून.

मालक शुक्रवारी पाहणीला येणार आहेत, पुढच्या आठवड्यात पाहुणे. त्या मजल्यावरचे सगळे कोपरे मी स्वतःच्या हातांनी उलटले. काय सुरेख दिसत होते! कामात आपल्याला उगाच कुणाचं ऐकायची सवय नाही.

ता. ७, गुरुवार

सकाळी प्रत्येक गादीत एक खळगा. लहानसा. हात लावला तर ऊबदार. पोरींना चांगलं फैलावर घेतलं, की गादीवर लोळायचा पगार मिळतो का? आईशपथ आम्ही नाही म्हणाल्या. एक तर रडायलाच लागली.

भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, मी नाही, ती मुलं. त्यांना त्यांची आई सापडत नाही. तुझी आई वाटून घेऊ या का, असं तिला विचारतात म्हणे.

मी हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

ता. ८, शुक्रवार

दुपारी कॉरिडॉरमधून भिंगरीची हाक आली, आई. धावले. कुणी नाही. भिंगरी खाली लाँड्रीत टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली. पुन्हा हाक. हुबेहूब तिचा आवाज, तिचं ते लाडीक हेल काढणं. या वेळी दोन खोल्यांतून, एकदम.

मालक खूश. कोपऱ्यांचं कौतुक केलं. साहेबांना सांगू काय? सांगितलं की नोकरी गेली, परत तो सोफा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी मावशींचेच पाय धरले. भुतांची नर्स म्हणाले होते, तेच तोंड घेऊन. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, उद्या उजेडी सगळ्या खाटा खोचा, एकही सोडू नका. मन घट्ट करा. खोचलं की खाटेत जे असेल ते तिथेच राहतं.

ता. ९, शनिवार

झालं. खोचल्या सगळ्या. लिहिलं नाही तर किंचाळेन.

भिंगरीला मावशींकडे सोडून वर आले. एकेक खाट खोचली की एकेक आवाज बंद. बाकीच्या खाटा आई, आई करत राहिल्या. भिंगरीच्या आवाजात. मी खरी आहे म्हणत होत्या. सगळ्याच.

शेवटच्या खोलीत दुलई फुगलेली. आत रडणं. पाय झाडणं. मी खरी, मी खरी. मी ऐकलं नाही. भिंगरी खाली आहे, खाली आहे, असं पुटपुटत गुडघा रोवला आणि खोचलं. सगळ्यांत घट्ट ती.

रडणं थांबलं. दुलई हळूहळू सपाट झाली.

आता शांत आहे. किती शांत! तोंड धुते आणि भिंगरीला वर आणते. आज तिला जवळ घेऊन—

फोन. मावशी. विचारताहेत, भिंगरी पोचली ना वर? आई बोलावतेय म्हणत मघाशीच पळाली. त्यांच्याच्यानं जिना चढवेना, म्हणून—

मघाशीच—

शेवटची खाट उपसली. दुलई, चादर, गादी. काही नाही. काहीच नाही. देवा, मी माझ्या हातांनी—

खोचलेलं सोडलं तर उठतात. मावशीच म्हणाल्या होत्या. उठतात. सगळे कोपरे उलटले पुन्हा. सगळे. इथेच बसलेय कॉरिडॉरमध्ये—

हाक आली. आई.

अजून एक. आता सगळ्या खोल्यांतून. सगळ्या तिच्याच आवाजात. भिंगरे, काहीतरी बोल गं, मला ओळखू येईल असं काहीतरी—

दारं उघडताहेत. छोटी पावलं. सगळ्या मला बिलगायला— हात धरताहेत— आणि मला कळत नाही, यातली माझी को—